हॉलिवूडच्या राजकीय चित्रपटांतील पक्षीय कल : मदत हवी आहे

अमेरिकी राजकारणावरील हॉलिवूडपटांत पक्षीय कल कसा डोकावतो, यावर मी लेख लिहीत आहे. १९३९ च्या ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’मध्ये नायकाच्या पक्षाचे नावच येत नाही, १९९५ च्या ‘द अमेरिकन प्रेसिडेंट’मध्ये मात्र प्रदूषणाविरुद्ध कायदा आणू पाहणारा राष्ट्राध्यक्ष डेमोक्रॅट, तर त्याच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारा सिनेटर रिपब्लिकन आहे, आणि मला हा योगायोग वाटत नाही. उलट १९७२ च्या ‘द कँडिडेट’चे पटकथाकार जेरेमी लार्नर हे डेमोक्रॅट नेते युजीन मॅकार्थी यांचे भाषणलेखक होते, तरीही त्यांनी डेमोक्रॅट उमेदवाराचाच पोकळपणा उघडा पाडला, हे मला फार मोलाचे वाटते. रिपब्लिकन नायकाकडे सहानुभूतीने पाहणारे चित्रपट कोणते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.