मदत हवी आहे: राजाला मारलं अन् ११ वर्षांत सम्राट? भाचीला कसं समजवू

राजेहो जरा मदत करा, भाची नववीत आहे, फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा चालू आहे अन् काल सकाळी तर्री पोह्याची प्लेट हातात धरून तिनं डायरेक्ट विचारलं, मामा १७९३ ला राजाचं मुंडकं उडवलं त्याच लोकांनी १८०४ ला नेपोलियनला सम्राट कसं होऊ दिलं? मी आपला तर्री वाढून घेत बसलो.

मला येतं ते एवढं, की नेपोलियन तुलाँ या फ्रेंच बंदराच्या वेढ्यात तोफखाना चालवून २४ व्या वर्षी ब्रिगेडियर जनरल, १७९५ ला पॅरिसमध्ये बंडवाल्यांवर तोफा डागून सरकार वाचवलं, मग इटलीतले विजय, त्यात तिथून लूट पाठवायचा म्हणून दिवाळखोर सरकारला पण तो हवाच. इजिप्तमध्ये तर फौज तिथंच सोडून परत आला, तरी हिरो!

पण नोव्हेंबर १७९९ चा सत्तापालट, ज्यात सत्ता नेपोलियनच्या हाती गेली, तो समजून नाही राहिला. सिएस म्हणजे सरकारच्या पाच संचालकांपैकी एक, त्याला सरकार उलथवायला एक तलवार, म्हणजे फौजेचा माणूस पाहिजे होता म्हणून त्यानं जनरल नेपोलियनला धरलं, सभागृहात सदस्य अंगावर आले तेव्हा नेपोलियन गडबडला, खरं तर त्याचा भाऊ ल्युसियाँ जो सभेचा अध्यक्ष होता त्यानं बाहेर येऊन सैनिकांना पटवलं अन् मग त्यांनी हॉल रिकामा केला. म्हणजे भाऊ नसता तर गेम संपला होता का? अन् सिएससारखा मुरलेला माणूस इतका कसा फसला बे?

कोणी इतिहासवाले असाल तर सोप्या भाषेत सांगा, रविवारी ती परत येऊन राहिली.