लो-व्हिजन आणि चालणं: टीडीसीएस कुठे लावायचं, किती द्यायचं, मोजायचं काय?

चलनवलन_विभाग

दृष्टी कमी असलेल्या प्रौढांच्या मोबिलिटी ट्रेनिंगला टीडीसीएस (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूला दिलेला सौम्य, एकाच दिशेचा करंट) जोडायचंय. गटात तीन प्रकारचे लोक आहेत: रेटिनायटिस पिगमेंटोसामुळे फक्त मधलं दिसणारे, पक्षाघातानंतर एका बाजूचं दिसणं गेलेले, आणि वयोमानाने मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, खराब झालेले. काठीचं मूलभूत शिक्षण सगळ्यांचं झालंय. मशीन २ मिलिअँपिअरपर्यंतचं आहे, स्पंज ५ × ७ सेंटिमीटरचे.

विचारायचं हे, की इलेक्ट्रोड सरसकट डोक्याच्या मागे, दृष्टीच्या भागावर लावायचे का? करंट चालू असताना चालवायचं, की आधी करंट देऊन मग? २० मिनिटांऐवजी ४० दिली तर जास्त गुण येतो का? आणि फरक पडला हे कशावरून ठरवायचं? सध्या आम्ही ‘टाइम्ड अप अँड गो’ (खुर्चीतून उठून, थोडं चालून परत बसायला लागणारा वेळ) आणि १० मीटर चालण्याचा वेळ एवढंच घेतो.

कॅथोड_उजवीकडे

सरसकट मागे लावू नका. तिघांची अडचण तीन वेगळ्या ठिकाणी आहे.

मेंदूच्या मागच्या टोकाला, म्हणजे ओझेड बिंदूच्या (डोक्यावर इलेक्ट्रोडसाठी ठरवलेल्या खुणांपैकी मागच्या मधल्या) खाली, नजरेच्या मध्यभागाचा नकाशा असतो. कडेच्या दृष्टीचा नकाशा तिथून पुढे, दोन गोलार्धांच्या मधल्या घडीत खोल जातो. रेटिनायटिसमध्ये कडेचंच दिसणं गेलेलं असतं. म्हणजे ओझेडवर इलेक्ट्रोड ठेवून तुम्ही नेमका शाबूत असलेला भाग चेतवत बसता, आणि रिकामा पडलेला भाग खोल राहतो. मॅक्युलाच्या रुग्णांत उलट आहे. त्यांचा रिकामा भाग ओझेडच्या खालीच येतो.

माझ्या मते रेटिनायटिसवाल्यांसाठी डावा पुढचा भाग, एफ३, जास्त सयुक्तिक आहे. अरुंद दृष्टिक्षेत्रात चालणाऱ्याचं सगळं लक्ष अडथळे शोधण्यात खर्ची पडतं. कुणी काही विचारलं की पाऊल अडखळतं. डोळस वृद्धांमध्ये एफ३ वर अॅनोड (धन इलेक्ट्रोड) ठेवून केलेल्या अभ्यासांत चालता चालता दुसरं काम करताना होणारी घसरण कमी झालेली दिसली आहे. दृष्टिदोष असलेल्यांच्या चालण्यावर थेट पुरावा मात्र तुटपुंजाच आहे, त्यामुळे रुग्णाला वचन देताना जपून. अॅनोड एफ३, कॅथोड (ऋण इलेक्ट्रोड) उजव्या भुवईच्या वर.

हेमिअनोपियासाठी, म्हणजे एका बाजूचं दिसणं गेलेल्यांसाठी, ओझेडला अॅनोड आणि सीझेडला (टाळूच्या मध्यावर) कॅथोड, २ मिलिअँपिअर, ही मांडणी दृष्टी-प्रशिक्षणाबरोबर वापरली गेलेली आहे. पण क्षेत्राची हद्द सरकली तरी ती थोडीच सरकते. चालणं सुधारतं ते आंधळ्या बाजूला नजर फेकायची सवय लागल्यामुळे. आधी रेघा खोडण्याची आणि रेघेचा मध्य दाखवण्याची चाचणी करून घ्या. त्यात निग्लेक्ट (एका बाजूकडे मेंदूचं लक्षच न जाणं) निघाला तर मांडणीच बदलते, मग अॅनोड उजव्या पी४ वर.

जन्मांध किंवा अगदी लहानपणी दृष्टी गेलेले कुणी आले तर त्यांचा मागचा भाग रिकामा आहे असं धरू नका. त्यांच्यात तो स्पर्शाच्या कामाला लागलेला असतो. १९९७ मध्ये दाखवलं गेलं, की तिथे चुंबकीय स्पंद दिले की ब्रेल वाचताना चुका वाढतात. तिथे वाटेल तसा करंट द्यायचा नसतो.

आता डोस. २ मिलिअँपिअर भागिले ३५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.०५७ मिलिअँपिअर. २० मिनिटांत २.४ कूलंब (एकूण विद्युतभार) जातात. माणसांतल्या प्रयोगांचा २०१६ चा आढावा ४० मिनिटं, ४ मिलिअँपिअर आणि ७.२ कूलंबपर्यंत गंभीर इजा आढळली नाही असं सांगतो, तेव्हा सुरक्षिततेच्या बाजूने तुम्ही बरेच आत आहात. पण गुणाचं गणित सरळ नाही. हाताच्या हालचालीच्या भागावर १ मिलिअँपिअर १३ मिनिटं दिलं की उत्तेजनक्षमता वाढते, आणि तेच सलग २६ मिनिटं दिलं की परिणाम उलटा होतो, हे दाखवलेलं आहे. कॅथोडचंही तसंच, १ मिलिअँपिअरला दाबतो तर २ ला चेतवू शकतो. म्हणून ४० मिनिटांचा मोह टाळा. २० मिनिटं, करंटचा चढ-उतार ३०-३० सेकंदांचा.

औषधांची यादी घ्याच. झटक्यांवरचं कार्बामाझेपिन अॅनोडचा परिणाम बोथट करतं. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फनसुद्धा मागे राहणारा परिणाम पुसतं, आणि ते कुणी ‘औषध’ म्हणून सांगतच नाही.

पांढरी_काठी_ओएम

मोजमापाबद्दल लिहितो, कारण बहुतेक प्रकल्प तिथेच फसतात.

टाइम्ड अप अँड गो आणि १० मीटर या चाचण्या पाय आणि तोल मोजतात. मोकळ्या सरळ वाटेवर रेटिनायटिसचा माणूस डोळसाइतका चालू शकतो, तिथे सुधारायला जागाच नसते. तुम्हाला अडथळ्यांची वाट लागेल.

वाट २० मीटर. पुठ्ठ्याचे खोके गुडघ्याच्या उंचीचे, काही घोट्याच्या, आणि फोमचे तुकडे डोक्याच्या उंचीवर टांगलेले. काही अडथळे जमिनीच्या रंगाशी मिळतेजुळते, काही उठून दिसणारे. किमान पाच-सहा मांडण्या आधीच कागदावर काढून ठेवा आणि चिठ्ठी टाकून निवडा. तीच मांडणी दोनदा आली की माणूस पाठ करतो, मग सुधारणा करंटची की स्मरणशक्तीची हे कधीच कळत नाही.

नुसता वेग घेऊ नका. आधी त्याला डोळस सोबत्याच्या कोपराला धरून तेवढंच अंतर त्याच्या सोयीच्या वेगाने चालवा. समजा २० मीटरला १८ सेकंद लागले. मग अडथळ्यांच्या वाटेवर एकट्याला ३० सेकंद लागले, तर तो आपल्या पसंतीच्या वेगाच्या ६० टक्क्यांवर आहे. हा टक्का वय, गुडघेदुखी, उंची हे सगळं आपोआप वजा करतो. शेजारी धडकांची संख्या लिहा. शरीर लागलं तरच धडक; काठी लागली तर ती काठीने आपलं काम केलं. वेग वाढला आणि धडकाही वाढल्या तर तो उतावळेपणा झाला, त्याला सुधारणा म्हणत नाहीत. एफ३ च्या मांडणीत यावर खास लक्ष ठेवा.

प्रत्येक फेरी दोनदा, वेगळ्या मांडणीवर: एकदा नुसती, एकदा १०० मधून तीन-तीन वजा करत. दोन्हींतला फरक हाच तुमचा मुख्य आकडा.

उजेड लक्समीटरने मोजून स्थिर ठेवा. रेटिनायटिसवाल्यांची खिडकीजवळ घेतलेली सकाळची फेरी आणि संध्याकाळची फेरी यांची तुलनाच होऊ शकत नाही. २०१७ साली मंजूर झालेल्या आरपीई६५ जनुकोपचारासाठी (त्या जनुकातल्या दोषाने जाणाऱ्या दृष्टीवरचा उपचार) जी चलन चाचणी वापरली गेली, तिच्यात १ ते ४०० लक्स असे सात टप्पे होते, ते उगीच नव्हे. तुम्हाला दोन टप्पे पुरतील, एक मंद आणि एक नेहमीचा.

करंट सुरू करण्याआधी दोन-तीन दिवस नुसत्या फेऱ्या घ्या. पहिल्या दिवसाकडून तिसऱ्याकडे जी झेप दिसते ती सरावाची असते.

आणि करंटच्या जोडीला काय शिकवणार ते प्रश्नात कुठेच लिहिलेलं नाही! विजेने पडद्यातल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. शिकणं पक्कं व्हायला मदत झाली तर होते, म्हणून शिकवायला काहीतरी हवं. हेमिअनोपियाला आंधळ्या बाजूकडे आधी एक मोठी फेक, मग तिथून परत येत लहान टप्पे. नजर फिरवायची, मान नाही. मान फिरवणाऱ्याची चाल त्या बाजूला ओढली जाते. रेटिनायटिसला लांबून जवळ, मग डावीकडून उजवीकडे, ठरावीक क्रमाने. काठीची कमान खांद्यांपेक्षा दोन्हीकडे जेमतेम २-३ सेंटिमीटर जास्त. उजवा पाय पुढे पडताना टोक डावीकडे टेकलं पाहिजे. घसरत नेलेली काठी पायरीचा उतार टेकत नेलेल्या काठीपेक्षा खात्रीने पकडते.

चलनवलन_विभाग

खूप उपयोगी, दोघांचेही आभार. आणखी दोन गोष्टी. गटातल्या काहींना मधुमेह आहे आणि पडद्यावर त्याचा परिणाम झालाय, त्यांना चालेल का? आणि ओझेडची चाचणी घेताना एकाने मशीन सुरू होताच “उजेड दिसला” म्हणून आनंदाने सांगितलं. त्याला काय उत्तर द्यायचं?

स्पंज_आणि_सलाइन

उजेडाचं आधी. तो फॉस्फीन. करंट झटकन बदलला की डोळ्याचा पडदाच उत्तेजित होतो, कारण कवटीवरून पसरणारा करंट डोळ्यापर्यंत पोचतो. भुवईवरच्या इलेक्ट्रोडला हे जास्त, पण मागे लावूनही थोडं होतं. पहिल्या सत्राच्या आधीच सांगून ठेवा: “सुरू होताना आणि थांबताना चमक दिसू शकते, ती मशीनची आहे, नजर परतल्याची खूण नाही.” नंतर सांगितलं की माणूस खचतो. चढ ३० सेकंदांऐवजी ६० केला तर चमक बरीच कमी होते. शॅम गटालाही (ज्यांना करंटचं नुसतं सोंग मिळतं त्यांना) हेच वाक्य, तेच शब्द.

मधुमेह म्हणजे बंदी नाही, पण चटका उशिरा कळण्याची शक्यता आहे. कापसाने आणि बोथट टोकाने कपाळ व डोक्याच्या मागची संवेदना तपासा. गडबड वाटली तर १ मिलिअँपिअरवर थांबा. लालसर डाग आरशात बघून सांगणं या लोकांना जमत नाही, तेव्हा आधी आणि नंतर त्वचा तुम्हीच बघायची, फोटो काढून ठेवायचा.

साफ नकार कुणाला: पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, डोक्यात धातूची क्लिप, कवटीचा तुकडा काढलेला, झटके येणारे, इलेक्ट्रोडच्या जागी जखम किंवा इसब. आणि रेटिनल इम्प्लांट. आपल्या रुग्णांतच ते सापडण्याची शक्यता, आणि छापील फॉर्मवर नेमका तोच रकाना नसतो. पक्षाघातवाल्यांना झटक्यांबद्दल स्वतंत्रपणे विचारा.

मांडणी. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेप धरा. ३६ सेंटिमीटर आले तर ओझेड उंचवट्यापासून ३.६ वर, सीझेड बरोबर १८ वर. अंदाजाने लावू नका. उंचवटा ज्यांना नीट लागत नाही त्यांच्यात दोन सेंटिमीटर सहज चुकतात. केस कंगव्याच्या टोकाने बाजूला करा, भांग पाडल्यासारखे. त्वचा ओल्या कापसाने पुसा, घासू नका. खरवडलेल्या जागीच करंट एकवटतो. स्पंजाला ०.९ टक्के सलाइन, प्रत्येक बाजूला साधारण ५-६ मिलिलिटर. नळाचं पाणी अजिबात नको, त्याने त्वचेवर जखमा झाल्याचं नोंदवलेलं आहे. स्पंज दाबल्यावर ओल यावी पण ओघळ येऊ नये. ओघळ आला की दोन इलेक्ट्रोडच्या मधल्या ओल्या केसांतून करंट वरच्यावर निघून जातो, मशीन मात्र सगळं छान दाखवतं. कडांमध्ये पुरेसं अंतर ठेवा. रोध १० किलोओहमच्या खाली येईपर्यंत सुरू करू नका.

टोचणं पहिल्या मिनिटात असतं आणि विरतं. दहाव्या मिनिटाला नव्याने जळजळ सुरू झाली तर स्पंज सुकलाय किंवा एक कोपरा उचलला गेलाय. करंट हळूहळू उतरवा, ३ मिलिलिटर सलाइन घाला, पट्टा नीट करा, परत चढवा. “सहन करा थोडं” म्हणायचं नाही.

चालता चालता द्यायचं असेल तर मशीन कमरेच्या पिशवीत, काठीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला. वायर शर्टाच्या आतून पाठीवरून. घामाने पट्टा सरकतो. आणि मुख्य धोका हा, की संपर्क तुटला की मशीन एकदम बंद पडतं, चमक येते, आणि ती नेमकी पाऊल उचललेलं असताना आली तर माणूस पडू शकतो. म्हणून चढ आणि उतार दोन्ही खुर्चीत बसवूनच, आणि चालताना कमरपट्टा धरून एक माणूस शेजारी.

कॅथोड_उजवीकडे

वरच्या धोक्यामुळेच मी पहिल्या आठवड्यात चालताना देऊच नका म्हणेन. करंटचा परिणाम बंद केल्यावर लगेच ओसरत नाही. हालचालीच्या भागावर १३ मिनिटांनंतर तासाच्या पुढे टिकल्याचं २००१ पासून माहीत आहे. तेव्हा खुर्चीत २० मिनिटं, त्याच वेळात आवाजाची दिशा ओळखण्याचं किंवा नजर फेकण्याचं काम, मग स्पंज काढून दहा मिनिटांच्या आत वाटेवर.

स्पंज_आणि_सलाइन

हे चालेल, पण खुर्चीतलं काम चालण्याशी नातं असलेलं हवं. २० मिनिटं नुसतं बसवून गाणी ऐकवली तर कशाला जोडायचं तेच मेंदूला कळत नाही.

पांढरी_काठी_ओएम

एक राहिलंच. शॅम घेणार असाल तर मशीनचा बीप बंद करा. कमी दिसणारा माणूस आवाजावरून सगळं ओळखतो. खरा आणि खोटा डोस संपण्याचा बीप वेगळ्या वेळी वाजला की झाकलेलं उघडं पडलंच. शेवटच्या सत्रानंतर प्रत्येकाला विचारा, “तुम्हाला खरा करंट मिळाला असं वाटतं का, आणि कशावरून?” ‘कशावरून’चं उत्तर शब्दशः लिहून घ्या. फेऱ्या मोजणाऱ्यालाही कोण कुठल्या गटात ते माहीत नको, आणि धडका व्हिडिओवरून दुसऱ्याने मोजाव्यात.