पालकत्वाचे नवे कायदे : 'डी फॅक्टो पालक' हे कलम हवं की नको?

चाफेकळी : कायद्याने आईबाप कोण, हे अमेरिकेत राज्यागणिक ठरतं. राज्यांनी उचलावा म्हणून 2017 मध्ये पालकत्वाचा एक नमुना कायदा आला ('डी फॅक्टो पालक', म्हणजे प्रत्यक्षात मूल वाढवणारी व्यक्ती, हे कलम त्यातलंच). त्यावरून वॉशिंग्टन, कनेक्टिकटने आपले कायदे बदलले; मॅसॅच्युसेट्सचा 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला. बाकीच्यांनीही बदलावेत. बाळ झालं की हॉस्पिटलात पितृत्वाचा फॉर्म देतात. दोघांनी सह्या केल्या आणि 60 दिवसांत कुणी मागे घेतल्या नाहीत, की त्याला कोर्टाच्या निकालाचं वजन येतं. पण जुन्या कायद्यात आईसोबत त्यावर फक्त पुरुषालाच सही करता यायची. दोन बायकांचं जोडपं असेल, तर जन्म न देणाऱ्या दुसरीने काय करायचं?

खडूस काका : लग्न करायचं! बाळाच्या जन्मदाखल्यावर नाव आपोआप लागतं.

चाफेकळी : लागतं हो, टिकतं कुठे? ओक्लाहोमात अशा दोघींचं लग्न झालेलं होतं, दाखल्यावर दुसरीचं नावही होतं. तरी 2023 मध्ये तिथल्या न्यायाधीशाने, हिने मूल दत्तक घेतलं नाही म्हणून ही आई नाही, वीर्यदाता मात्र बाप, असं ठरवलं.

खडूस काका : बरं, फॉर्मचं मान्य. माझा आक्षेप डी फॅक्टो पालकाला आहे. रक्ताचं नातं नाही, दत्तक नाही, नुसतं सोबत राहून सांभाळलं म्हणून पालक? उद्या एखादीचा जुना बॉयफ्रेंड ताबा मागेल. पोराच्या बाबतीत आईबापाच्या निर्णयाला मान द्या, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2000 साली ट्रॉक्सेल खटल्यात सांगितलंय. तिथे तर नातवंडांची भेट मागणारे सख्खे आजी-आजोबा होते!

डेट्रॉइटकर : मग सहा महिने नातवंडं सांभाळायला येणारी आपली आईसुद्धा पालक की काय? 😀

चाफेकळी : नाही हो! त्या घरातलंच माणूस म्हणून बराच काळ राहिलेलं हवं, पैशाची अपेक्षा न ठेवता पालकाची पूर्ण जबाबदारी उचललेली हवी, आणि मुख्य म्हणजे असलेल्या पालकानेच ते नातं वाढवलेलं किंवा त्याला साथ दिलेली हवी. पुरावाही नेहमीच्या दिवाणी दाव्याहून भक्कम लागतो.

डेट्रॉइटकर : आमच्या मिशिगनात तर एका जोडप्याला सरोगसीने झालेली स्वतःच्या रक्ताची जुळी दत्तक घ्यावी लागली. सरोगसीविरुद्धचा 1988 चा कायदा! 2024 मध्ये बदलला एकदाचा. त्यामुळे मी बदलाच्या बाजूने. पैसे घेऊन सरोगसी मात्र पटत नाही. भारताने 2021 मध्ये बंद केली ते बरं केलं.

खडूस काका : सरोगसीचा वेगळा धागा काढा. चाफेकळीताई, नमुना कायद्यात नुसतं 'बराच काळ' सोबत राहिलेला असावा म्हटलंय. बराच म्हणजे किती? मुलाच्या वयाप्रमाणे वर्षं लिहा कायद्यात, मग माझा पाठिंबा. तोवर नाही.