मध्य युरोप गाडीने: अकरा रात्री, आठ मुक्काम आणि माझा आक्षेप

नकाशावाचक (धागाकर्ता)

एका स्नेह्याने पुढच्या उन्हाळ्यासाठी आखलेला कार्यक्रम मला नजरेखालून घालायला पाठवला आहे. म्युनिकला उतरायचे, भाड्याने गाडी घ्यायची आणि बारा दिवसांत प्राग आणि चेस्की क्रुमलोव्ह (चेक प्रजासत्ताक), व्हिएन्ना (ऑस्ट्रिया), बुडापेस्ट (हंगेरी), ल्युब्लियाना आणि ब्लेड (स्लोव्हेनिया) आणि साल्झबर्ग (पुन्हा ऑस्ट्रिया) करून म्युनिकला परतायचे. अंतर सुमारे १९०० किलोमीटर, रात्री अकरा, मुक्काम आठ. प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्टला दोन-दोन रात्री, बाकी सगळीकडे एकेक. माझ्या मते हा कार्यक्रम अंतरामुळे नव्हे, तर मुक्कामांच्या संख्येमुळे कोलमडणार आहे.

किलोमीटरचा हिशेब सगळेच करतात, सामानाचा कोणी करत नाही. हॉटेलची खोली सकाळी दहा-अकरापर्यंत सोडावी लागते आणि पुढच्या गावची दुपारी दोन-तीनच्या आधी सहसा मिळत नाही, त्यामुळे मधल्या वेळात कुठे उतरून निवांत भटकायचे म्हटले तरी जीव डिकीतल्या बॅगांमध्ये अडकलेला असतो. क्रुमलोव्हचे जुने गाव व्ल्टावा नदीच्या वळणात बसलेले आहे आणि वाहनतळ गावाच्या कडेला आहेत. तिथून दगडी फरसबंदीवरून चाकांची बॅग खडखडत न्यायची आणि एका रात्रीनंतर तीच वरात उलट दिशेने काढायची. मागच्या खेपेला माझ्या बॅगेचे एक चाक त्या फरसबंदीवरच निखळले, आणि पुढचे आठ दिवस मी ती बॅग कडेवर घेतल्यासारखी वागवली.

त्याऐवजी प्रागला तीन रात्री, व्हिएन्नाला तीन, साल्झबर्गजवळच्या एखाद्या खेड्यात चार आणि शेवटची रात्र म्युनिकला असे चारच मुक्काम ठेवावेत. उरलेले पुढच्या वेळी पाहू. फेरी साधारण ११५० किलोमीटरवर येते आणि व्हिएन्नाहून साल्झबर्गला जाताना मेल्क ते क्रेम्स हा डॅन्यूबकाठचा वाखाऊचा पट्टा सावकाश पाहता येतो. तिथल्या जर्दाळूंचा हंगाम जुलैत असतो.

सहकुटुंब

धागाकर्त्यांशी मी सहमत नाही. "उरलेले पुढच्या वेळी पाहू" हे वाक्य युरोपात राहणाऱ्याला शोभते. नाशिकहून आईवडील आणि दोन मुले घेऊन जाणाऱ्या माणसाच्या आयुष्यात ती पुढची वेळ बहुधा येत नाही. विमानाची तिकिटे, व्हिसा आणि मिनतवाऱ्या करून मिळवलेली रजा हा खर्च मुक्काम चार असोत वा आठ, तेवढाच होतो. मग बुडापेस्ट का सोडायचे?

अंतरांचाही उगाच बाऊ केला जातो. ब्लेड ते साल्झबर्ग हे आपल्या पुणे-कोल्हापूरएवढे अंतर आहे. व्हिएन्ना ते बुडापेस्ट सुमारे २४५ किलोमीटर असून ते अडीच-तीन तासांत होते. बुडापेस्ट ते ल्युब्लियाना हा सर्वांत लांबचा टप्पा ४६० किलोमीटरचा आहे, पण तो बालाटन सरोवराच्या बाजूने जाणाऱ्या महामार्गाचा आहे. गणपतीला मुंबईहून कोकणात गाडी चालवत गेलेल्या माणसाला त्याचे भय वाटू नये. शिवाय रेल्वेने जायचे म्हटले तर सत्तरीच्या वडिलांना गुडघ्यांमुळे फलाटाचे जिने चढवत नाहीत, आणि डिकीत इंडक्शनची शेगडी व तांदूळ असले की रात्री आमटी-भाताची सोय होते.

खिडकीची जागा

आपण दोघेही गाडी गृहीत धरून भांडत आहात. माझा आक्षेप तिथेच आहे. व्हिएन्नात मार्च २०२२ पासून जवळजवळ सगळ्या शहरभर सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते रात्री १० रस्त्यावर पैसे भरून जास्तीत जास्त दोन तासच गाडी उभी करता येते. म्हणजे तिथल्या दोन-तीन दिवसांत गाडी सशुल्क तळघरात झोपणार आणि तिचे भाडे मात्र चालू राहणार. प्रागमध्ये निळ्या पट्ट्यांच्या जागा प्रामुख्याने रहिवाशांसाठी असतात. शिवाय चेक प्रजासत्ताक आणि हंगेरीत वाहनचालकाला मद्याची मर्यादा शून्य आहे, त्यामुळे प्रागहून निघताना जेवणाबरोबर बिअरचा एक घोटही चालकाला निषिद्ध. (ज्यांना याचे काही वाटत नाही, त्यांनी हे वाक्य सोडून द्यावे.)

राजधान्या रेल्वेने जोडाव्यात. प्राग ते व्हिएन्ना सुमारे चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास. डोंगरात मात्र गाडीला पर्याय नाही, म्हणून साल्झबर्गला ती घ्यावी आणि तिथेच परत करावी, कारण एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडण्याचे शुल्क जबर असते. त्या गाडीने ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता करावा. १९३५ साली खुला झालेला हा ४८ किलोमीटरचा रस्ता ३६ वळणे घेत २५०० मीटरच्या वर चढतो. त्याच्यासाठी एक पूर्ण दिवस राखावा, आणि तोही हवा पाहून ऐनवेळी ठरवावा.

म्युनिककर

इथे राहत असल्यामुळे एक गोष्ट आग्रहाने सांगतो: किती मुक्काम यापेक्षा कोणता वार, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बव्हेरियाच्या शाळांची उन्हाळी सुटी साधारण ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते. त्या काळातल्या शनिवारी म्युनिक-साल्झबर्ग महामार्ग, पुढचा टाउअर्न बोगदा आणि स्लोव्हेनियाच्या सीमेवरचा कारावांकेन बोगदा या तिन्ही ठिकाणी गाड्यांच्या रांगा लागतात. पुणे-कोल्हापूरची उपमा मंगळवारी खरी ठरेल, शनिवारी नाही. मोबाइलने खेड्यातली पळवाट दाखवली तरी तिच्यावर विसंबू नये, कारण ऑस्ट्रियाच्या टिरोल आणि साल्झबर्ग प्रांतांत सुटीच्या हंगामातल्या शनिवार-रविवारी अनेक ठिकाणी वाटसरूंना महामार्ग सोडायलाच बंदी असते आणि पोलीस परत पाठवतात. परतताना जर्मन सीमेवरची तपासणीही हिशेबात धरावी.

गाडी डाव्या बाजूने चालवण्याची सवय असलेल्यांची महामार्गावर सहसा चूक होत नाही. ती होते गल्लीत. जिथे सिग्नल किंवा पाटी नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते, मग त्याची गल्ली कितीही चिंचोळी असो. माझ्या पाहुण्यांनी पहिल्याच दिवशी एका सायकलवाल्या आजींना असे थांबवले की त्या उतरून, काचेवर टकटक करून, संपूर्ण नियम समजावून मगच पुढे गेल्या. आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना आणि मूळ परवाना दोन्ही जवळ ठेवावेत, आणि गाडी कोणकोणत्या देशांत न्यायची परवानगी आहे हे भाडेकरारात आधीच लिहून घ्यावे. महामार्गाचा पास, म्हणजे व्हिन्येट, चेक, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि स्लोव्हेनिया यांचा वेगवेगळा काढावा लागतो. जर्मनीत लागत नाही. वरचे दोन्ही बोगदे त्या पासात धरलेले नाहीत, त्यांचे पैसे निराळे.

नकाशावाचक

म्युनिककरांनी माझीच बाजू भक्कम केली. एक शनिवार कुठल्याही बारा दिवसांत येणारच; चार मुक्कामांच्या कार्यक्रमात तो एका जागी बसून घालवता येतो, आठ मुक्कामांत तो रस्त्यावरच उगवतो.

आता सहकुटुंब यांनी व्हिसाचा उल्लेख केलाच आहे, तर मूळ आराखड्यातली एक गंमत पाहावी. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे या सगळ्या देशांना चालणाऱ्या सामाईक व्हिसासाठी, जिथे सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. इथे चेकमध्ये तीन रात्री आणि ऑस्ट्रियातही तीनच. असा निकाल लागत नसेल तर पहिल्या प्रवेशाचा देश धरतात, म्हणजे जिथे फक्त एक रात्र काढायची त्या जर्मनीकडे कागद द्यायचे. अर्ज तपासणाऱ्याच्या मनात पहिली शंका इथेच येईल. माझ्या आराखड्यात ऑस्ट्रियात सात रात्री आहेत, तिथे प्रश्नच उद्भवत नाही.

सहकुटुंब

व्हिसाचा मुद्दा बिनतोड आहे, तो मान्य करतो. फरसबंदीचाही मान्य; वडिलांना त्या दगडांवरून दोनदा चालवणे मलाच जड जाईल, म्हणून क्रुमलोव्हची रात्र रद्द. ल्युब्लियाना ब्लेडपासून ५५ किलोमीटरवर आहे, तेव्हा तिथेही वेगळी खोली नको. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर लगेच ३८० किलोमीटर प्रागपर्यंत गाडी हाकण्याचा धोका मीही पत्करणार नाही. त्यामुळे माझा सुधारित हिशेब असा: म्युनिक एक, प्राग दोन, व्हिएन्ना तीन, बुडापेस्ट दोन, ब्लेड दोन, साल्झबर्ग एक. मुक्काम सहा, आणि चार रात्रींमुळे अर्ज ऑस्ट्रियाकडे.

बुडापेस्टहून ब्लेडचा दिवस लांबचा होतो, हे मला ठाऊक आहे. तो बुधवारी येईल अशा बेताने विमानाची तारीख धरेन, सकाळी सातला निघेन आणि दुपारचे जेवण बालाटनच्या काठी करेन. पण बुडापेस्ट वगळणार नाही. वडिलांना डॅन्यूबकाठची संसद रात्री दिवे लागल्यावर समोरच्या, शहराच्या बुडा भागातल्या काठावरून पाहायची आहे, आणि तिथे बसायला बाक आहेत का, याचीही त्यांनी आत्ताच चौकशी केली आहे.