डबिंगबद्दल थोडं वेगळं मत

साउथचा पिक्चर डब करून बघितला की सगळी मजा जाते असं बरेच जण म्हणतात, ते सरसकट नाही पटत. दुपारी टीव्हीवर लागतात त्यांच्याबद्दल एकदम मान्य, पण बाहुबलीत हिंदीत प्रभासला आवाज शरद केळकरचा आहे आणि 'पुष्पा'त अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदेचा, दोघंही आपले मराठीच, आणि त्या पुष्पाचा अर्धा माज तर आवाजातच आहे राव.

आणि मूळ भाषेत तरी सगळे कुठे स्वतःच्या आवाजात बोलतात? हिरॉइन बऱ्याचदा बाहेरून आणलेली, भाषा येत नाही, मग आवाज दुसरीचा. समंथा तर चेन्नईची, तरी २०१० च्या पहिल्या तेलुगू पिक्चरपासून बरीच वर्षं तिला आवाज गायिका चिन्मयीचा होता. माझ्या मते खरी बोंब डबिंगची नाही, हिरॉइनच्या बाबतीतच आहे, हिरोच्या एंट्रीला पाच मिनिटं स्लो मोशन, इंटरव्हलला असा दणका की समोसा आणायला उठवत नाही (हे त्यांच्याकडून शिकावं खरंच), आणि हिरॉइनच्या वाट्याला दोन गाणी नि हिरोने मागे मागे फिरून पटवणं. सेकंड हाफला तर ती कुठे गायब होते देव जाणे.