पेज सस्पेंड झालंय, दाद कुठं मागायची?

हळदवाला_सांगली: मार्केट यार्डातनं हळद घेऊन ऑनलाइन विकतो, काल पेजच सस्पेंड, कारण काय तर म्हणे नियमभंग, कुठला ते सांगत नाहीत आणि अपील टाकलं तर दोन मिनिटांत रिजेक्ट, माणसानं बघितलं तरी का कुणास ठाऊक. युरोपात म्हणं बाहेरची संस्था निवाडा करते, आपल्याला चालंल का?

कृष्णाकाठ: नाय ओ दादा, ते युरोपच्या डीएसए म्हंजे डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट कायद्याचं कलम २१, तिकडच्या युजरसाठी, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक पण नाय. आपल्याकडं २०२३ पासनं जीएसी हाय, म्हंजे केंद्र सरकारची तक्रार अपील समिती. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल टाका, त्याचं उत्तर पटलं नाय तर ३० दिवसांत जीएसीच्या साइटवर अपील, सगळं ऑनलाइनच.

साताराकर: नोटिशीचा स्क्रीनशॉट आधी काढा, नंतर लॉगिनच होत नाही.

हळदवाला_सांगली: काढला. मेल पण टाकला, पोच आली. पण हळकुंडाच्या फोटोत नियम कुठला मोडला ते डोक्यात शिरंना बघा.