जायंट ट्रान्स एक्स २९: वेताळ टेकडीसाठी घ्यावी का?

मुरूमवाट:
२०२१ ची ट्रान्स एक्स २९ ही माउंटन बाइक (डोंगरवाटांची सायकल) सेकंडहँड मिळतेय. पुढे १५० मिमी, मागे १३५ मिमी ट्रॅव्हल (चाक वर-खाली हलण्याचं अंतर). वापर वेताळ टेकडी आणि पुण्याच्या आसपासच्या डोंगरवाटांवर. वजन ७५ किलो, आजवर हार्डटेलच (मागे शॉक नसलेली सायकल) चालवली. चढावर मागचा शॉक दबून जोर वाया जातो का? आणि घेण्याआधी काय बघू?

कडेकपारी:
चढाची काळजी नको. बसून पेडल मारताना जायंटचं माएस्ट्रो सस्पेन्शन (दोन लिंकवर हलणारा फ्रेमचा मागचा त्रिकोण) फारसं डुलत नाही. उभं राहून जोर लावलात तर डुलतं, पण सुट्या मुरमावर शॉक कडक करणारा लीव्हर उघडाच ठेवा. मागचं चाक जमीन धरून राहतं, जागच्या जागी फिरत नाही.

खरी गोम सॅगमध्ये, म्हणजे नुसत्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं त्यात आहे. हेल्मेट, पाण्याची पिशवी, सगळं अंगावर चढवून बसा. मागे ३० टक्के ठेवा, म्हणजे शॉकचा स्ट्रोक (दांडा आत जाण्याचं अंतर) ५५ मिमी असेल तर दांड्यावरची ओ-रिंग (रबरी कडी) साधारण १६ मिमीवर. पुढे २० टक्के, म्हणजे ३० मिमी. हवा टप्प्याटप्प्याने भरा आणि दर टप्प्याला पंप न काढता शॉक दहा-बारा वेळा दाबा. नाहीतर निगेटिव्ह चेंबर (शॉकमधला दुसरा हवेचा कप्पा) भरत नाही आणि मोजलेला सॅग खोटा निघतो. पंप काढताना फुस्स होते ती नळीतली हवा, शॉकमधली नव्हे.

ग्रीसगन:
सेकंडहँड आहे ना, मग आधी बेअरिंग बघा. शॉक सोडवून मागचा त्रिकोण हाताने वर-खाली करा. खरखर लागली किंवा मध्येच अडकला तर बेअरिंग गेली समजा आणि पूर्ण सेटचा खर्च किमतीतून वळता करून मागा. खालची लिंक बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो ती जागा) अगदी वर बसते, मागच्या चाकाचा चिखल थेट तिथेच साचतो. त्यात कुणी प्रेशर वॉशर मारला असेल तर पाणी सीलच्या आत जाऊन ग्रीस धुऊन निघतं.

फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळ्यांवर नख फिरवा. ओरखडा नखाला लागला तर सील टिकणार नाही, तेल गळत राहील. लिंकजवळच्या वेल्डिंगला तडा दिसला तर सौदा तिथेच सोडा. सर्व्हिसचं म्हणाल तर रॉकशॉक्स कंपनीच्या फोर्कला दर ५० तासांनी लोअरचं (खालच्या नळ्यांचं) तेल बदलायचं, फॉक्स कंपनी १२५ तास सांगते. पावसाळा संपल्यावर मात्र तास मोजत बसू नका, सरळ करून घ्या.

बसाल्ट२९:
निव्वळ टेकडीच करायची असेल तर चांगली हार्डटेल पुरते, हे माझं स्पष्ट मत. पण लांबचे खडकाळ उतार करणार असाल तर जरूर घ्या. फ्लिप चिप (फ्रेमची उंची बदलणारा पलटता तुकडा) 'हाय'वर ठेवा: बॉटम ब्रॅकेट १० मिमी वर येतो, खडकाच्या पायऱ्यांवर पेडल कमी आपटतात.

टायर २.४ इंची ट्यूबलेस, पुढे २१-२२ आणि मागे २४-२५ पीएसआयपासून सुरू करा. मागे रिम खडकाला लागल्याचा आवाज आला तर २ पीएसआय वाढवा. सीलंट (भोक बुजवणारं द्रव) प्रत्येक टायरमध्ये १०० ते १२० मिली. उन्हाळ्यात लवकर सुकतं, दोन महिन्यांनी व्हॉल्व्हचा कोर काढून आत काडी घालून बघा.